निवृत्त प्रेक्षकाचे 'पूर्वी' : पेरुंगुडीच्या निमित्ताने

'पूर्वीसारखे चित्रपट आता राहिले नाहीत' हे निवृत्त प्रेक्षकाचे मत समीक्षेने सहसा स्मरणरंजन म्हणून बाजूला सारले आहे. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे विस्तारलेल्या चेन्नईच्या पेरुंगुडीत, मुलांच्या घरी येऊन राहिलेल्या निवृत्तांच्या गप्पांत नव्या चित्रपटांचा विषय निघाला, की हेच वाक्य कानी पडते. शेजारच्या तरमणीत रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालय आहे. तेथे तमिळ मुद्रित साहित्याचा मोठा ठेवा जतन झाला आहे. प्रेक्षकाची ही तोंडी समीक्षा मात्र अशा संग्रहांपर्यंत क्वचितच पोचते. म्हणून आधी विचारावयास हवे ते हे, की या मतातले 'पूर्वी' नेमके कोणते?

ते 'पराशक्ति'चे (1952) असावे, असा सर्वसाधारण समज आहे. करुणानिधींचे संवाद, शिवाजी गणेशन यांची वाणी आणि डोळ्यांपेक्षा कानांनी पाहिला जाणारा चित्रपट! नाटक कंपन्यांच्या वाचिकाचा हा पगडा थिओडोर भास्करन यांनी आपल्या लेखनातून दाखवून दिला आहे. (टपालखात्यातून निवृत्त झालेला हा अधिकारी स्वतःही याच प्रेक्षकवर्गातला.) परंतु आज सत्तरीत असलेला प्रेक्षक 1952 मध्ये जन्मलाही नसेल. त्याची अभिरुची घडली ती 'पदिनारु वयदिनिले' (1977), 'मुळ्ळुम मलरुम' (1978) आणि 'उदिरिप्पूक्कळ' (1979) यांच्या काळात. शिवाजींच्या 'तंगप्पदक्कम'साठी (1974) लिहिणाऱ्या महेंद्रन यांनीच दिग्दर्शक होताच संवाद आटवले. बालू महेंद्रांचा कॅमेरा आणि घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबातून आलेल्या रजनीकांतचा अबोल ताठा यांवर 'मुळ्ळुम मलरुम' उभा राहिला. मराठीत 'सामना' (1975) आणि 'सिंहासन' (1979) पाहून घडलेल्या पुण्या-मुंबईच्या पिढीचे वयही साधारण हेच.

हे ध्यानात घेतले, की निवृत्तांच्या तक्रारीचा अर्थ पालटतो. नव्या चित्रपटांच्या कर्कश पार्श्वसंगीताविषयीची त्यांची नापसंती ही जुन्या संवादांची ओढ नव्हे. शांततेची सवय लागलेल्या कानाची ती तक्रार आहे. सी. प्रेमकुमार यांचा 'मेय्यळगन' (2024) येथे कसोटीचा ठरतो. सुटलेल्या तंजावरला अनेक वर्षांनी, एका रात्रीपुरता परतणारा माणूस आणि त्याला आपला मानणारा, पण ज्याचे नावही त्याला आठवत नाही असा नातलग, एवढीच त्याची सामग्री. लांबी फार झाली म्हणून प्रदर्शनानंतर त्यातली सुमारे 18 मिनिटे कापण्यात आली. घाई कोणाला होती, हा प्रश्न व्यवसायाने विचारला नाही. ज्यांच्यापाशी वेळ आहे, ज्यांनी स्वतःही गाव सोडले आहे, त्या प्रेक्षकाला हा संथपणा दोष वाटण्याचे कारण नव्हते.

तरीही या अभिरुचीला एक आंधळी बाजू आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. सत्तरच्या दशकातील त्या सुंदर गावांतून जातीचा उच्चार बहुधा टाळलेला असे. त्यामुळे मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' (2018) किंवा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पुढे आला, की 'पुन्हा तेच' असा शेरा ऐकू येतो. वास्तविक 'परियेरुम पेरुमाळ'च्या अखेरीस पडद्यावर उरतात ते चहाचे दोन पेले, एक दुधाचा, एक काळा, आणि मध्ये एक फूल. तेथे शब्द नाही. महेंद्रन यांच्या शाळेत शिकलेल्या डोळ्याला हे दृश्य सर्वांआधी उमगावयास हवे होते.