मातीचा बैल आणि कुंभाराचा अंगठा

श्रावण अमावस्येच्या पोळ्याआधी हिंगोली जिल्ह्यातील बाजारांत मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या दिसतात. ज्यांच्या दावणीला बैल नाही, तेही या जोडीची पूजा करतात. पूजा आटोपली की ती मुलांच्या खेळण्यात जाते. इतके अल्पायुषी म्हणूनच की काय, त्याच्याकडे शिल्प म्हणून सहसा कोणी पाहत नाही. आम्हांस ते तसे पाहावेसे वाटते.

चाकावर मडके होते, बैल होत नाही. चाक देते ते गोल आणि पोकळ; पाय, मान, शेपूट त्याला ठाऊक नाही. म्हणून कुंभार चाक थांबवून गोळा हाती घेतो. (उत्पत्तीच्या ग्रंथातला माणूसही मातीतून घडला तो चाकाविना; कुंभाराचे चाक आपल्याला भेटते ते पुढे, यिर्मयाच्या ग्रंथात.) गोळ्यातून धड लांबवायचे, पाय ओढून काढायचे किंवा वेगळे वळून चिकटवायचे. चिकटवताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल भरावा लागतो, नाहीतर सुकताना सांधा सुटतो. मराठवाड्याची काळी माती तर सुकताना फारच आकसते. चिरा पडू नयेत म्हणून मातीत लीद, राख किंवा वाळू मिसळावी लागते. पाय बारीक केले तर ओले धड पेलत नाही, म्हणून ते आखूड आणि जाड होतात. पाहणारा म्हणतो, बैल ठेंगणा झाला. परंतु त्या ठेंगणेपणातूनच त्याला भुईत रोवल्यासारखी ऐट येते. वशिंड मात्र अंगठा आणि तर्जनी यांच्या एकाच चिमट्यात उठते. तो चिमटा नेमका बसला की डोळे काडीने टोचलेले असले तरी भागते.

हाताचे ते जिवंत आणि साच्याचे ते निर्जीव, असे म्हणण्याचा येथे मोह होतो. आम्हांस ते मान्य नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहाव्यात. पांढऱ्या केओलिन मातीचे दोन अर्धे भाग दोन साच्यांत दाबून, जोडून, आतून पोकळ ठेवलेल्या त्या स्त्रीमूर्तींची केशरचना व अलंकार तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात डोळे भरून पाहण्यासारखे आहेत. साच्याने तेथे काही बिघडवलेले नाही. उलट हाताने केलेले कित्येक बैल घाईचे असतात आणि ती घाई भडक रंगाखाली लपवलेली असते.

मग हाताने साधते काय? आमच्या मते, वगळण्याचे स्वातंत्र्य. साचा करणारा एकदाच निर्णय घेतो. हाताने घडवणाऱ्याला तो प्रत्येक बैलागणिक घ्यावा लागतो. पुणे जिल्ह्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात, ताम्रपाषाणयुगातील एका घरात कच्च्या मातीची शिरविरहित स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी खोवली की ती बैलावर बसते. चेहरा वगळूनही तिचे काही अडलेले नाही. अलीकडच्या काळात शिल्पकार हिम्मत शहा (१९३३–२०२५) यांनी नेमके उलट केले : धड सोडून नुसती मस्तके घडवली, आणि त्यांवरही नाकडोळ्यांच्या मोजक्याच खुणा ठेवल्या.

आता आपल्या नाताळच्या गव्हाणीकडे पाहा. साच्यातून निघालेला तिथला प्लास्टरचा बैल बहुधा युरोपातल्या नमुन्यावरचा असतो. त्याला वशिंडच नसते. दोष साच्याचा नव्हे, न पाहता उचललेल्या नमुन्याचा. बाळ येशूजवळ आपल्या शिवारातला बैल का नसावा? पोळ्याच्या दिवसांतच कुंभाराला सांगून ठेवले तर नाताळपर्यंत तो सहज तयार होईल. गाढवासाठी तर त्याला नमुनाही शोधावा लागू नये. कुंभाराची माती वाहिली ती गाढवांनीच. एवढेच की, पोळ्याचा कच्चा बैल वर्षानुवर्षे टिकणार नाही. गव्हाणीचा बैल आव्यात भाजून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी धड आतून कोरून घेण्यास आधीच सांगावे. जाड, भरीव माती आव्यात फुटते.