तुंबीची तार आणि मतपेटी

३१ मे २०२२ ला पंजाबातल्या मूसा गावात गायक सिद्धू मूसेवालाची अंत्ययात्रा निघाली ती त्याच्याच ५९११ ट्रॅक्टरवरून. एचएमटीचं हे जुनं धूड त्याच्या गाण्यांमुळेच पंजाबभर ठाऊक झालेलं. दोन दिवस आधी त्याला गोळ्या घातल्या होत्या, आणि त्याच्या आदल्याच दिवशी सरकारने त्याचं पोलीस संरक्षण कमी केलं होतं. अंत्ययात्रेला माणसांचा समुद्र लोटला. पण त्याच वर्षी विधानसभेला मानसा मतदारसंघात काँग्रेसच्या तिकिटावर तो साठ हजारांहून अधिक मतांनी आपटला होता.

गाण्याला गर्दी जमते, मतं जमतीलच असं नाही. पक्षांना मात्र हे उमगत नाही. २०२४ च्या लोकसभेला फरीदकोटमध्ये भाजपने गायक हंसराज हंस उभे केले, 'आप'ने गायक-अभिनेता करमजीत अनमोल. दोघेही पडले; जिंकला अपक्ष. २०१९ ला तिथूनच लोकगायक मोहम्मद सादिक काँग्रेसतर्फे निवडून आले होते, हे खरं. पण ते आधी आमदारही होते.

गायकाची खरी ताकद मतपेटीबाहेर दिसते. मूसेवालाचं 'एसवायएल' हे गाणं त्याच्या मृत्यूनंतर जून २०२२ मध्ये आलं आणि काही दिवसांतच भारतात यूट्यूबवर बंद झालं. सतलज-यमुना कालव्याच्या पाण्याचं दुखणं त्यात आहे, आणि ते खरं आहे. पण १९९० साली त्याच कालव्याच्या अभियंत्यांना मारणाऱ्याचा गौरवही त्यात आहे. पाण्याच्या हक्काला खुनाची टाळी कशाला हवी? बंदीने हा प्रश्न विचारायची सोयच संपवली.

२०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात पंजाबी गाण्याची ही ताकद सर्वांत उंच गेली. दिल्लीच्या वेशीवर सिंघू-टिकरीच्या ट्रॉल्यांमध्ये कंवर ग्रेवाल, हिम्मत संधू यांची गाणी वाजत होती. वर्षानुवर्षं बंदूक आणि महागड्या गाड्या मिरवणारा गाण्यातला 'जट्ट', म्हणजे जमीनदार शेतकरी जातीचा गडी, तिथे हमीभावाच्या काळजीत थंडीत कुडकुडत बसलेला दिसला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती गाणीही यूट्यूबवरून गेली. बंदुकीच्या गाण्यांवर मात्र पंजाब सरकारने बंदी घातली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये.

या 'जट्ट'पणाला पंजाबी गाण्याच्या आतूनच उत्तर दिलं जालंधरच्या गिन्नी माहीने. चामड्याचं जाकीट घालून, रविदासांचं आणि आंबेडकरांचं नाव घेत तिने 'चमार' हा शब्द शिवीतून काढून अभिमानात आणला. शाहिरीत भीमगीतं ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ही पंजाबी गायिका मूसेवालापेक्षा जवळची वाटावी. तरी आपल्या लग्नांच्या वरातीत पंजाबी म्हणून वाजतो तो जट्टच.

आणि गायक-अभिनेता दिलजीत दोसांज? नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या कार्यक्रमाआधी तेलंगण सरकारने दारूची गाणी गाऊ नयेत अशी नोटीस धाडली, तर त्याने गाण्यातल्या 'दारू'च्या जागी 'कोक' बसवलं आणि लोक हसले. अहमदाबादेत त्याने सुनावलं की सगळ्या राज्यांनी दारूबंदी करावी, मी दारूची गाणी सोडतो. पुण्यात कोथरूडच्या कार्यक्रमाला मद्याचा परवानाच नाकारला गेला. ही भांडणं चुरचुरीत आहेत, पण सरकारला सोयीचीही आहेत. त्यात कुणाचंच काही बिघडत नाही.

बिघडतं ते 'पंजाब ९५'ने. पोलिसांनी बेवारस ठरवून जाळलेल्या प्रेतांची मोजदाद करणाऱ्या जसवंतसिंग खालडांवरचा हा दिलजीतचा चित्रपट. सेन्सॉर मंडळाने त्यात शंभरावर बदल सुचवले. परदेशातल्या प्रदर्शनाची तारीख ठरली होती ७ फेब्रुवारी २०२५. त्या दिवशी तो तिथेही लागला नाही.