शरदाचा अभ्यास आणि अंगणातील किल्ला

मुलांस शाळेत न धाडता घरीच शिकवावे, असे मानणारी कुटुंबे पुण्यामुंबईकडील सुशिक्षित वर्गात आता विरळ राहिलेली नाहीत. ही कल्पना अगदीच नवी आहे असेही नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला आणि त्यांस संस्कृताचे पाठ आईने दिले. शाळा नावाची इमारत त्या बालपणात कोठेच नव्हती. आजची अशी मुले पुढे पुष्कळदा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांस बसतात. या व्यवस्थेच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करण्याचे आम्हांस येथे प्रयोजन नाही. आमचा प्रश्न लहानसा आहे: आश्विन-कार्तिकात ही कुटुंबे मुलांकडून जे ‘ऋतूचे उपक्रम’ करवून घेतात, त्यांत ऋतू कितीसा असतो?

या उपक्रमांच्या कृतिपत्रिका आम्ही बऱ्याच चाळल्या. त्या सुबक असतात, रंगीत असतात, आणि बहुतेकींत पहिलीच आज्ञा अशी असते की, गळून पडलेली तांबडी-पिवळी पाने वेचून आणा. येथेच सारे घोडे पेंड खाते. विलायती ‘ऑटम’चे भाषांतर कोणीतरी ‘शरद’ असे केले, आणि शब्दाबरोबर त्या देशाची झाडेही आमच्या अंगणात आणून लावली. थंड देशांत दिवस आखूड होऊन गारठा वाढला की झाड पानांतील हरितद्रव्य मोडून त्यातील सत्त्व परत घेते. मागे दडलेला पिवळा रंग तेव्हा दिसू लागतो, आणि काही झाडांत तांबडा रंग नव्याने तयार होतो. आमच्या सह्याद्रीत झाडाला छळते ती थंडी नव्हे, तहान. म्हणून येथील पानगळ शिशिरातली. माघ-फाल्गुनात जमिनीतले पाणी उतरू लागले म्हणजे झाडे पाने टाकतात. आणि तांबड्या पानांची हौसच असेल तर कुसुंबाच्या झाडाखाली वसंताच्या तोंडावर उभे राहावे. तेथे तांबडे असते ते मरणारे पान नसून नुकते जन्मलेले पान असते! जो मुलगा आश्विनात तांबडे पान शोधीत हिंडतो आणि न सापडल्यामुळे कागदाचे कातरून चिकटवतो, तो निसर्ग शिकला असे आम्ही कसे म्हणावे? डोळ्यांस जे दिसते त्यापेक्षा छापील कागद खरा मानावा, हा मात्र धडा तो पक्का शिकला. शाळेत हेच होते म्हणून तर या आईबापांनी शाळा सोडली होती.

मग आमचा शरद पाहावा तरी कोठे? पुण्याहून नसरापूर, मार्गासनी या वाटेने वेल्ह्यास जावे. सरकारी दप्तरात या तालुक्यास आता राजगड असे नाव मिळाले आहे. आम्ही जुन्या सवयीने वेल्हेच म्हणतो. पाऊस नुकता उघडलेला असतो. उतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग ओसरत असतो, खाचरांतील भात पिवळे पडून मान टाकीत असते, दुपारचे ऊन ज्येष्ठाची आठवण करून देते आणि पहाटे ओढ्याकाठी धुके बसलेले असते. वर एकीकडे तोरणा, दुसरीकडे राजगड, आणि दोहोंस जोडणारी लांब डोंगरधार. हे दोन किल्ले येथे आहेत एवढ्याचसाठी आम्ही वेल्ह्याचे नाव काढले असे नाही. पण त्यांच्यामुळे आमच्या मुख्य मुद्द्याकडे येणे सोपे जाते.

तो मुद्दा म्हणजे दिवाळीचा किल्ला. मराठी मुलांनी शरद ऋतूत करावयाची खरी, घरची, कोणी न छापलेली कृती एकच, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या अंगणात चालत आलेली आहे. माती, दगड, पोती, गेरू, वर पेरलेले अळीव आणि मोहरी. घरी शिकणाऱ्या मुलांस याहून चांगला विषय कोणी सुचवू शकेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु तिच्यावरचे प्रेम बाजूस ठेवून, कोणत्याही कलाकृतीकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहिले, तर दोष डोळ्यांत भरतात. रस्त्यावर विकत मिळणाऱ्या प्लास्टरच्या तयार किल्ल्यांविषयी आम्ही बोलतच नाही. ती वस्तू टीकेच्याही खालची आहे. हाताने केलेल्या किल्ल्यातही महाराज शिखरावर तटाहून उंच बसलेले असतात, दरवाजा समोरून सरळ उघडा असतो, आणि तळे पायथ्याशी असून त्यात बदके पोहत असतात.

पाणी पायथ्याशी! राजगडावर पाणी कोठे आहे ते पाहा. पद्मावती माचीवर तलाव आहे. बालेकिल्ल्यावर, म्हणजे सर्वांत उंच जागी, चंद्रतळे आहे. वेढा पडला की पायथ्याचे पाणी शत्रूचे. म्हणून कातळात टाकी खोदावयाची, आणि खोदताना निघालेला दगड बांधकामास लावावयाचा. एका श्रमात दोन कामे. हे ज्या मुलीला वर चढून, तहान लागल्यावर कळले, ती पुढच्या दिवाळीत तळे शिखराकडे नेईल, आणि मग तिच्यापुढे खरा प्रश्न उभा राहील: मातीच्या ढिगावर पाणी टिकवावे कसे? चिकणमाती कोणती, मुरुमाड कोणती, हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.

प्रमाणाचेही तसेच. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. बाजारातला मावळा पाच सेंटिमीटर उंच धरला, आणि माणूस १६५ सेंटिमीटर, तर त्या मावळ्याच्या प्रमाणात माची पाऊणशे मीटर लांब करावी लागेल. उलट अंगणात माची एक मीटरची केली, तर मावळा मोहरीच्या दाण्याहूनही लहान होईल. या त्रैराशिकाचे उत्तर काढल्यावर मूल काय ठरवते, मावळे काढून टाकते, की प्रमाण मोडते आणि का मोडतो हे सांगते, यात गणित आहे आणि कलाविचारही आहे. आमच्या मते दुसरे उत्तर अधिक शहाणपणाचे. चित्रकारही राजा मोठा काढतातच. मात्र जाणून मोडलेले प्रमाण आणि ठाऊक नसलेले प्रमाण यांत अंतर आहे. संजीवनीचा दुहेरी तट, त्यातली अरुंद बोळ, आत शिरलेला शत्रू कोंडीत कसा सापडावा ही योजना, हे सगळे एका दिवसात समजणारे नव्हे. दोनदा जावे.

आता एक अप्रिय गोष्ट. याच दिवसांत कानंद खोऱ्यात भाताची कापणी येते, आणि शहरातील पालकांस ‘कापणीचा अनुभव’ हवा असतो. मुलाने दोन मुठी भात कापावे, विळ्यासह छायाचित्र निघावे, आणि मंडळी जेवावयास जावीत. कापलेले भात वाळण्यास उन्हाचे दिवस लागतात. त्यात अवकाळी सर आली तर दाणा काळा पडतो, पेंढा कुजतो. त्या घरच्या बाईचे लक्ष आभाळाकडे असते आणि आपण तिला नाचणी व वरई यांतील फरक विचारीत असतो. तिच्या मुलाला हा फरक ठाऊक आहे. त्याच्या ज्ञानास कृतिपत्रिकेत रकाना नाही. ताराबाई मोडकांनी कोसबाडला कुरणशाळा काढली, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. गुरे राखण्याचे काम त्यांनी थट्टेवारी नेले नाही, त्याचे प्रदर्शनही मांडले नाही. वेल्ह्यास जाणाऱ्या कुटुंबांनी निदान एवढे करावे: जावयाचे तर सकाळपासून खळ्यावरच्या झोडणीपर्यंत राबावे, मावशीबाई सांगतील ते काम करावे, आणि त्या घरच्या मुलाला आपल्या मुलाचा शिक्षक होऊ द्यावे. हे जमत नसेल तर बांधावरून पाहावे. पाहण्यातही कमीपणा नाही.

दिवाळी सरली की किल्ला मोडतात. मोडण्यापूर्वी त्यावर झारीने सावकाश पाणी सोडावे आणि ते कोठून कोठे जाते हे मुलांकडून कागदावर काढून घ्यावे. तोरणा-राजगडाच्या उतारांवरचे पाणी असेच ओढ्याओढ्यांनी कानंदी-गुंजवणीत उतरते; गुंजवणी नीरेस मिळते आणि नीरा भीमेस. मढे घाटाच्या कड्यावरून पलीकडे पडलेला थेंब मात्र कोकणात जातो.