एका आवाजाची साक्ष : ‘व्हाइट ख्रिसमस’वरील एक लघुमाहितीपट

मायकेल कर्टिझ दिग्दर्शित ‘व्हाइट ख्रिसमस’ (१९५४) हा नाताळविषयक अमेरिकन संगीतपट मुळातच स्मरणरंजनपर आहे. दुसऱ्या महायुद्धातील दोन सैनिक पुढे रंगमंचावर नाव मिळवतात आणि विस्मृतीत गेलेल्या आपल्या सेनानीसाठी जुन्या सोबत्यांना व्हरमाँटमध्ये एकत्र आणतात. आयर्व्हिंग बर्लिन यांचे शीर्षकगीतदेखील १९४२च्या ‘हॉलिडे इन’मधून आलेले. २००० साली या चित्रपटाच्या डीव्हीडीसोबत ‘अ लुक बॅक विथ रोझमेरी क्लूनी’ हा लघुमाहितीपट आला, तेव्हा ती आठवणीचीच आठवण ठरली.

त्याची मांडणी साधी आहे. क्लूनी बोलतात. चार प्रमुख कलावंतांपैकी बिंग क्रॉस्बी १९७७मध्ये, व्हेरा-एलन १९८१मध्ये आणि डॅनी के १९८७मध्ये निवर्तले होते. दिग्दर्शक आणि गीतकारही हयात नव्हते. उरलेल्या एकाच व्यक्तीने सर्वांच्या वतीने बोलावे, हे या माहितीपटाचे बळ होय आणि त्याची मर्यादाही. प्रशंसेचा सूर अशा पूरकपटांत गृहीतच असतो, त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. अधिक विचार करण्यासारखी गोष्ट आहे ती आवाजाची.

व्हेरा-एलन असामान्य नर्तिका होत्या, परंतु पडद्यावर त्यांच्या तोंडी असलेले गाणे त्यांचे नव्हे. ते ट्रूडी स्टीव्हन्स यांनी गायिले आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही. अपवाद ‘सिस्टर्स’ या युगुलगीताचा. त्यात दोन्ही बहिणींचे आवाज क्लूनींचेच आहेत. पुढे क्रॉस्बी आणि के हातात पंखे घेऊन याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर ओठ हलवतात. क्रॉस्बींना हसू आवरत नाही, आणि कर्टिझ यांनी तोच प्रयत्न चित्रपटात ठेवला. या प्रसंगाच्या विनोदाविषयी पुष्कळ बोलले जाते. पण एका स्त्रीचा आवाज येथे पाळीपाळीने चार देहांतून ऐकू येतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्या प्रेक्षकाला त्यात नवल वाटणार नाही. ‘महल’च्या (१९४९) ध्वनिमुद्रिकेवर तर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले गेले होते.

क्लूनींच्या वाट्याला याच्या उलट प्रकार आला. पडद्यावर त्यांचा आवाज दोघींना पुरला. डेक्काने काढलेल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेत मात्र तो नव्हता. त्या कोलंबियाशी करारबद्ध असल्यामुळे त्यांच्या जागी पेगी ली गायिल्या, आणि क्लूनींनी तीच गाणी कोलंबियासाठी स्वतंत्रपणे गायिली. परिणामी चित्रपटातील चौघांचे गायन एकत्र असलेली ध्वनिमुद्रिका त्या काळच्या श्रोत्याला मिळालीच नाही.

हा पूर्वेतिहास मनात ठेवून पाहिले म्हणजे या लहानशा पटाला वेगळेच वजन येते. करारामुळे जिचा आवाज वगळला गेला, तिच्याच आवाजावर आता चित्रपटाच्या स्मृतीचा सारा भार आहे. व्हेरा-एलनच्या वतीने ती दुसऱ्यांदा बोलते आहे. क्लूनींच्या सांगण्यात आत्मप्रौढी नाही. गाण्याप्रमाणे आपले नृत्यही उसने घेता आले असते तर चित्रपट परिपूर्ण झाला असता, अशा आशयाचा त्यांचा मिस्कील शेरा प्रसिद्धच आहे. अशा निवेदकावर विश्वास बसतो.

मात्र विश्वसनीय साक्षीदार मिळाला म्हणून निर्मात्यांनी शोध थांबवावा, हे पटत नाही. ‘लव्ह, यू डिडन्ट डू राइट बाय मी’ या गाण्यात क्लूनींच्या मागे काळ्या वेशात नाचणाऱ्या तरुणांपैकी एक जॉर्ज चकिरिस. ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी (१९६१) पुढे ऑस्कर मिळवलेले हे नर्तक २०००मध्ये हयात होते. ज्या नृत्याविषयी क्लूनी स्वतः संकोचाने बोलत, त्याविषयी अधिकाराने बोलू शकणारा माणूस त्यांच्याच चौकटीत, दोन पावले मागे उभा होता. क्लूनी २९ जून २००२ रोजी निवर्तल्या. त्यांचे म्हणणे वेळेत नोंदले गेले, याचे श्रेय या माहितीपटाला द्यावेच लागते. स्टीव्हन्स यांच्या आवाजाची कथा मात्र अद्याप तळटिपांतच आहे.