काठी, पोकळी आणि धागा

विषाणूंचा धडा आला की तंबाखूच्या मोझॅक विषाणूची आकृती येतेच. एक आखूड काठी, बाहेर प्रथिनांचे मणी आणि मधल्या पोकळीत आरएनएचा धागा. बरोबर सांगितले जाते की ही रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उघड केली. आमची हरकत दोन्हींना आहे.

१९३९ साली जर्मनीत काउशे, फानकुख आणि हेल्मुट रुस्का यांनी या विषाणूची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत दिसल्या त्या नुसत्या काठ्या. मणी नाहीत, मळसूत्र नाही. पोकळी दिसली ती १९५० च्या दशकात, जड धातूच्या क्षाराचे द्रावण काठीभोवती वाळवल्यावर. मळसूत्राची मापे मात्र क्ष-किरणांच्या विवर्तनातून निघाली. (गोठवलेले नमुने पाहणारे आजचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अणूंपर्यंत पोहोचतात, पण ती या शतकातली गोष्ट.)

दुसरी चूक अधिक गंभीर. धागा पोकळीत नसतोच. पोकळीची त्रिज्या सुमारे २ नॅनोमीटर. आरएनए अक्षापासून ४ नॅनोमीटरवर, प्रथिनांच्या भिंतीत रुतलेला असतो. रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५६ साली हे दाखवले.

सोलापूरकडच्या शाळेत प्रतिकृतीसाठी ज्वारीचे ताट पुरेल. १८ मिलिमीटर जाडीचा, ३० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. विषाणू बरोबर दहा लाखपट मोठा झाला. पाठ्यपुस्तकातली आखूड काठी म्हणजे याचा कापलेला तुकडा, हे मुलांना लगेच कळेल. ताटावर २.३ मिलिमीटर अंतराने दोऱ्याचे वेढे दिले तर सुमारे १३० बसतात. एका वेढ्यात सोळा पूर्णांक एक तृतीयांश प्रथिनकण, एकूण २१३०. प्रत्येक कण आरएनएचे ३ न्यूक्लिओटाइड धरतो, म्हणजे ६३९०. प्रत्यक्षात ते सुमारे ६४०० आहेत. हिशोब जुळतो तो धागा भिंतीत आहे म्हणून. त्याच्या लांबीवरच काठीची लांबी ठरते. पोकळीत सैल सोडलेल्या धाग्यावरून ३०० नॅनोमीटर हा आकडा कसा समजावणार? ताटातला गाभा तेवढा विसरायचा. विषाणूत त्या जागी पोकळी आहे.

भिंतीत बसलेला हा धागा सुरक्षित राहतो, म्हणूनच वाळल्या तंबाखूतही विषाणू टिकतो आणि तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोच्या रोपांवर जाऊ शकतो. बिड्या वळणाऱ्या सोलापुरात हे उदाहरण दूरचे नाही.

परीक्षकांना एक विनंती: धागा भिंतीत काढणाऱ्या मुलाचे गुण पुस्तकातल्या आकृतीकडे बोट दाखवून कापू नयेत.