आय-सेल रोगाचा १९७२चा पेपर: प्रयोग चोख, निष्कर्ष घाईचा

हिकमन आणि न्यूफेल्ड यांचा आय-सेल रोगावरचा १९७२चा पेपर परत वाचला. प्रयोग आजही चोख वाटतो. या मुलांच्या पेशी लायसोसोमची एन्झाइम्स बनवतात, पण बरीचशी बाहेरच सोडतात. मग पेशीच गळकी आहे का? दोघांनी अदलाबदल करून पाहिली. निरोगी पेशींचं एन्झाइम रुग्णाच्या पेशींनी नीट आत घेतलं. रुग्णाचं एन्झाइम मात्र इतर पेशी घेईनात. म्हणजे खोट पेशीत नाही, एन्झाइमवर आहे. त्यावर खूणच लागत नाही (ही खूण म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट, हे कळलं १९७७मध्ये).

माझी तक्रार पुढच्या उडीबद्दल आहे. त्यांनी मांडलं, की निरोगी पेशीही एन्झाइम आधी बाहेर टाकते आणि मग परत घेते. तसं असतं, तर पेशी वाढवायच्या द्रवात मोकळं मॅनोज-६-फॉस्फेट मिसळल्यावर पृष्ठभागावरचे रिसेप्टर अडले असते आणि लायसोसोम रिकामे पडले असते. पण पडत नाहीत! बहुतेक एन्झाइम गॉल्जीतूनच आतल्या आत वळवलं जातं.

अर्थात, बाहेरून आत येणारा रस्ता खोटा नाही. पोम्पे रोगात शिरेतून दिलेलं एन्झाइम त्याच रस्त्याने स्नायूंच्या पेशींत शिरतं.