दवाखान्याच्या दाराबाहेरची मोजणी

1999 च्या ऑक्टोबरमध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात लिओनार्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. विषय होता क्रॉनिक फटीग सिंड्रोम. या आजारात थकवा महिनोन्‌महिने हटत नाही, रात्रभर झोपूनही तरतरी येत नाही, आणि जरा दगदग झाली की पुढचे दिवस अंथरुणात जातात. कोष्टकांनी भरलेल्या निबंधाचं कसलं रसग्रहण, असं कुणी म्हणेल. पण चांगल्या कथेत निवेदक कुठे उभा आहे यावर बरंच काही ठरतं, आणि इथेही तसंच आहे.

त्याआधी सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं चार शहरांत या आजाराची मोजणी केली होती. डॉक्टरांनी आपल्याकडचे असे रुग्ण कळवायचे, अशी पद्धत. उत्तर आलं, लाख प्रौढांमागे 4 ते 9. म्हणजे दुर्मीळ आजार. जेसन अडले ते या पद्धतीपाशीच. अशा मोजणीत यायचं तर रुग्णाला डॉक्टर परवडायला हवा, तिथवर जाण्याइतकं त्राण हवं, आणि समोरच्या डॉक्टरचा हा आजार खरा आहे यावर विश्वास हवा. 1980 च्या दशकात वर्तमानपत्रांनी त्याला ‘यप्पी फ्लू’ म्हणून हिणवलं होतं, बड्या पगाराच्या तरुण गोऱ्यांची कुरकुर म्हणून. तेव्हा तिसरी अट किती जणांची पूर्ण होत असेल?

म्हणून जेसन यांचा चमू दवाखाना सोडून शिकागोतल्या घराघरांत फोन करत बसला. 28,673 प्रौढांची यादी, त्यांपैकी 18,675 जण बोलले. लक्षणं जुळणारे निघाले 408. त्यांतल्या 166 जणांची शारीरिक आणि मानसिक तपासणी झाली, आणि निदान पक्कं झालं फक्त 32 जणांचं. ही उतरती भाजणी वाचताना मला दर वेळी मजा वाटते. एवढा खटाटोप आणि हाती बत्तीस माणसं! पण त्यावरून निघालेला दर लाखामागे 422 होता. आधीच्या आकड्याच्या निदान पंचेचाळीसपट. स्त्रियांमध्ये 522, पुरुषांमध्ये 291. गोऱ्यांमध्ये 318 आणि लॅटिनो लोकांत 726. बड्या पगाराच्या गोऱ्यांची कुरकुर या कोष्टकात कुठेच बसत नाही. जे सापडले त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांना आपल्याला काय झालंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. बत्तिसांवरून देशाचा अंदाज बांधणं धाडसाचं आहे, हा आक्षेप रास्तच. निबंधानं मात्र हे सगळे टप्पे उघडे मांडले आहेत.

जेसन यांचं शिक्षण क्लिनिकल सायकॉलॉजीतलं. 1975 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि नंतर शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात अध्यापन. या आजाराकडे ते वळले ते 1990 च्या सुमारास स्वतःच त्यात सापडल्यावर. पण त्यांची नजर त्याआधीच तयार होती. इलिनॉयमधल्या वुडरिज गावात दुकानदार अल्पवयीन मुलांना सिगारेट विकतात का, हे पाहायला त्यांनी दुकानदारांना प्रश्नावली दिली नाही, मुलांनाच दुकानात पाठवलं. कायदा खरोखर राबवायला लागल्यावर ही विक्री सत्तर टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या आत आली. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला न विचारता पलीकडच्या बाजूनं पाहायचं, हे वळण तिथलंच.

2005 मध्ये सीडीसीनं आजाराची व्याख्या नव्यानं मोजपट्टीवर बसवली, आणि काही काळानं जॉर्जियातल्या पाहणीतून अडीच टक्के प्रौढांना हा आजार असल्याचं जाहीर झालं. आता आकडा जेसन यांच्याही सहापट! रुग्णांचा कैवारी म्हणवणाऱ्या माणसानं खूश व्हायला हवं होतं. जेसन यांनी 2009 मध्ये ती मोजपट्टी तीव्र नैराश्याच्या 37 रुग्णांना लावून दाखवली. त्यांतले 38 टक्के तिच्या हिशेबानं क्रॉनिक फटीगचे ठरले. सोयीच्या आकड्यालाही ते सूट देत नाहीत, आणि माझ्या लेखी त्यांच्या कामातली ही सर्वांत देखणी जागा आहे. त्याआधी 2006 मध्ये हेच दोन आजार वेगळे ओळखण्यासाठी त्यांच्या गटानं जे निकष निवडले त्यांत श्रमानंतर ढासळणं, ताजेपणा न देणारी झोप, धाप, मनाचा गोंधळ हे तर होतेच. त्यांच्या रांगेत स्वतःला दोष देणं हाही होता. नैराश्यातला माणूस स्वतःला बोल लावतो. या आजारातला माणूस, त्याला उद्या बरं वाटलं तर काय कराल असं विचारलं, तर कामांची लांबलचक यादी सांगतो.

उपचाराबद्दल त्यांचं म्हणणं माफक आहे. जेवढी शक्ती अंगात आहे तेवढीच खर्चायची, अंथरूण पाहून पाय पसरायचे. मनाचा निश्चय करून रोज थोडं अधिक चाला, असं सांगणाऱ्या पंथाशी त्यांचं कधी जमलं नाही.

अलीकडच्या एका कामात त्यांनी मोजणीची जागा आणखी मागे नेली, थेट आजार होण्याआधी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या 4,501 धडधाकट विद्यार्थ्यांचं रक्त घेतलं, मानसिक चाचण्या भरून घेतल्या, आणि वाट पाहिली. त्यांतल्या 238 जणांना मोनोन्यूक्लिओसिस हा विषाणूजन्य ताप आला. सहा महिन्यांनंतर 55 जण क्रॉनिक फटीगच्या निकषांत बसत होते. मग जुने कागद आणि जुनं रक्त बाहेर काढलं. जे पुढे जास्त आजारी राहिले त्यांच्यात शारीरिक तक्रारी आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणा आधीपासूनच वेगळ्या होत्या. ताण, चिंता, नैराश्य यांचे गुण मात्र बऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त नव्हते. मानसशास्त्रज्ञानं आपल्याच शास्त्राच्या चाचण्या वापरून हे दाखवावं, याची गंमत जेसन यांना नक्की कळली असणार.